चंद्रोदय, मोरेश्वरच्या वेळेप्रमाणे

मोरेश्वर,

आधी एक कबुली देऊन टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. दुबईला रास अल खोरच्या आमच्या गोदामात, मराठी वाचनालयाच्या फळ्यावर तू लावलेला कागद उडून गेला नव्हता. तो मी काढला होता. चार टाचण्या होत्या, चारही माझ्या हातानं काढल्या, कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. पुढच्या शुक्रवारी तू आलास, रिकाम्या फळ्याकडे बघितलंस, मग माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "एसीचा झोत फार आहे रे इथं." मी म्हटलं, "हो, फार." तेवढ्यावर विषय संपला. तुला कळलं होतं की नाही, हे विचारायचं राहूनच गेलं. तुला जाऊन आता पंधरा दिवस झाले, आणि त्या दोन वाक्यांनी माझा पिच्छा सोडलेला नाही.

लिहितोय तुला, पण वाचणार दुसरेच, आणि त्यातल्या पुष्कळांना तू माहीत नाहीस. म्हणून थोडं सांगून ठेवतो. तू सर्व्हेअर होतास. वाळूतून रस्ता कुठून जाणार ते रस्ता व्हायच्या आधी आखून देणारा माणूस. मी रास अल खोरला एका रंगाच्या कंपनीत स्टोअरकीपर, आणि उरलेल्या वेळात गुरुजी. वडिलांनी चिपळूणला पूजाअर्चा शिकवली होती, ती इथं कामाला आली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दुबईत मराठी गुरुजी शोधून सापडायचा नाही, त्यामुळे बारसं असो, सत्यनारायण असो, फोन मला यायचा. माणसाला असे फोन यायला लागले की आपलं सगळंच बरोबर आहे असं त्याला वाटायला लागतं. मला तर ते फारच लवकर वाटायला लागलं.

पहिल्या भेटीतच तू माझी फजिती केलीस. दुबईच्या करामा भागात कुणाच्या तरी नव्या फ्लॅटची पूजा होती. मी संकल्प सांगत होतो. संकल्पात आपण कुठे बसलो आहोत आणि आज कुठला दिवस आहे ते देवाला सांगायचं असतं, म्हणजे एका परीनं पत्ताच. वडिलांनी शिकवलं तसं मी म्हटलं, गोदावर्याः दक्षिणे तीरे. मागून आवाज आला, "गुरुजी, दुबईची खाडी म्हणायचंय का तुम्हाला?" बायका हसल्या, यजमान कावराबावरा झाला. पूजा आटोपल्यावर प्रसादाचा द्रोण हातात घेऊन तू माझ्याजवळ आलास आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणालास, "आमच्या कामात सुरुवातीचा बिंदू चुकीचा धरला तर अख्खा रस्ता वाकडा जातो हो. तुम्ही तर सुरुवातच दोन हजार किलोमीटर लांबून केलीत."

मी म्हटलं, "देवाला कळतं."

"मग सांगताच कशाला?"

याचं उत्तर मला त्या दिवशी सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर कालपर्यंत सुचलं नव्हतं.

नाव मोरेश्वर, आणि संकष्टीच्या दिवशी साइटवर ऑम्लेट. वडिलांनी गणपतीचं नाव ठेवलं त्यात माझा काय दोष, असं वर तूच सांगायचास. महिन्या-दोन महिन्यांत आपण अरेतुरेवर आलो आणि मला तू पोप म्हणायला लागलास. आधी मला वाटलं काहीतरी मानाचं असेल. मग एका शुक्रवारी वाचनालयात चहा पिता पिता तू इटलीची ती गोष्ट सांगितलीस. एका गणिताच्या मास्तरानं दुर्बीण आकाशाकडे लावली, जे दिसलं ते लिहिलं, आणि पोपच्या धर्मपीठानं म्हातारपणी त्याला गुडघ्यावर बसवून ते सगळं चूक आहे असं वदवून घेतलं. त्याच्याही आधी काही विद्वानांनी दुर्बिणीला डोळाच लावायचं नाकारलं होतं. मी लगेच छाती पुढे काढून म्हटलं, "आपल्याकडे असलं काही झालेलं नाही." तू कप खाली ठेवलास आणि मला ऐकवलंस: आपल्याकडच्याच एका गणित्यानं दीड हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं की ग्रहण राहू गिळतो म्हणून लागत नाही, सावली पडते म्हणून लागतं, आणि पृथ्वी स्वतःभोवती फिरते. त्याच्या मागून आलेल्या पंडितांनी त्याला शास्त्र सोडून बोलतो म्हणून झोडपलं. "त्या झोडपणाऱ्यांना गणित उत्तम येत होतं, पोप," तू म्हणालास, "मला त्याचंच जास्त वाईट वाटतं."

हे तू माझ्याकडे रोखून बघत म्हणालास. मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

आता मूळ भांडणाकडे येतो. संकष्टीचा उपास चंद्र बघून, त्याला पाण्याचं अर्घ्य देऊन सोडायचा. दुबईत चंद्र बघायला सवड कुणाला, आणि इमारतींच्या गर्दीतून दिसणार कुठून. म्हणून लोक मला विचारायचे, गुरुजी, आज चंद्रोदय किती वाजता. माझ्याकडे मुंबईची दिनदर्शिका होती, तिच्यात मुंबईचा चंद्रोदय छापलेला. आपलं घड्याळ भारताच्या दीड तास मागे. तेव्हा मी दीड तास वजा करून वेळ सांगायचो. नऊ चाळीस छापलं असेल तर आठ दहा. इथं राहणाऱ्याला सगळंच बदलून घ्यायची सवय लागते; दिरहम म्हटलं की गुणिले बारा, वेळ म्हटली की वजा दीड. तिथी कधी लागते, कधी संपते, ते असं वजा करून चोख यायचं. त्यामुळे चंद्र उगवणं ही गोष्ट तशी वजा होत नाही अशी शंका मला सात-आठ वर्षांत एकदाही आली नाही.

ती तुला आली, आणि तीही माझ्याच घरी. उपास नसताना मोदक खायला तू आला होतास. आठ दहाला मी आरती केली, बाल्कनीत गेलो आणि पूर्व दिशा धरून पळीभर पाणी सोडलं. तू माझ्या मागोमाग बाहेर आलास.

"कुठाय?"

"इमारतींमागे."

"वेळ कशी काढलीस?"

मी सांगितलं. तू हसला नाहीस, हे मला आजही आठवतं. म्हणालास, "मुंबईत सूर्य साडेसहाला उगवतो म्हणून दुबईत पाचला उगवतो का? मग चंद्रानं काय घोडं मारलंय?" माझी मृणाल तेव्हा आठवीत होती. ती ताटावरूनच म्हणाली, "ही इज राइट, बाबा. तिकडचा मूनराइज इकडे कसा चालेल?" मी तिला गुपचूप जेव म्हणून सांगितलं.

महिन्याभरात तू तक्ता घेऊन आलास. ड्रॉइंगच्या कागदाच्या पाठीवर पेन्सिलीनं आखलेले रकाने, वर्षाच्या संकष्ट्या, प्रत्येकीपुढे इथला चंद्रोदय मिनिटासकट. दर ठिकाणी माझ्या वेळेपेक्षा तासाभराच्या आसपास उशिरा. वाचनालय आमच्याच गोदामाच्या माळ्यावर दर शुक्रवारी भरायचं. तू कागद फळ्यावर लावलास, लोकांनी वाचला, एकमेकांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि घरी गेले. चावी माझ्याकडेच असायची.

का काढला ते सरळ सांगतो. अहंकार होता, तो नाकारत नाही. पण नुसता अहंकार असता तर मी तुझ्याशी भांडलो असतो. भांडायला मी कधी मागे सरलो आहे? अल क्वोजच्या मजूर कॅम्पमध्ये राहणारा सखाराम, देवरुखकडचा, शटरिंगचा सुतार, दर संकष्टीला मला फोन करून वेळ विचारायचा आणि कॅम्पमधल्या वीस-बावीस जणांना सांगायचा. दिवसभर उन्हात काम, पोटात मूठभर खिचडी, पहाटे साडेचारला बस. त्यांना आठला जेवायला मिळायचं ते माझ्या वेळेमुळे. तुझ्या वेळेनं त्यांनी सव्वानऊ-साडेनऊपर्यंत ताटकळायचं.

आणि दुसरं, जे मी कुणालाच सांगितलं नाही. माझी बायको वसुधा संकष्टी करायची ती मृणालसाठी. मृणाल जन्मली तेव्हा तिच्या हृदयाला दोष होता, आणि ऑपरेशनच्या दिवशी बाहेर बाकावर बसून वसुधानं जन्मभराच्या संकष्टीचा शब्द दिला होता. तो उपास दर महिन्याला माझ्या वेळेवर सुटत होता. माझी वेळ खोटी ठरली तर माझ्या बायकोच्या शब्दाचं काय झालं, हे मला कुणी विचारायला नको होतं. मी कागद काढला तो ह्या भीतीनं.

पण सखारामनं तो त्या शुक्रवारी वाचलाच होता. त्याचा फोन आला.

"गुरुजी, सर्व्हेवाल्या सायबांनी लिवलंय का चंद्र नऊच्या पुढं. तुम्ही सांगता आठ. आमच्या कॅम्पात बत्त्यांमुळं काय दिसत नाय. ह्या टायमाला संकष्टी शुक्रवारी आलीय, छुट्टी हाय. एकदा बघून टाकू ना, म्हंजे खलास."

मी हो म्हटलं, आणि खोटं कशाला बोलू, आनंदानं म्हटलं. तुला सगळ्यांदेखत गप्प करायची आयती संधी होती.

बघायचं ठरलं तुझ्या उम्म अल कुवैनच्या घरी; दुबईबाहेरचं ते घर मला कायम आवडायचं. बैठं घर, वर सपाट गच्ची, पूर्वेला नुसती वाळू आणि लांब डोंगरांची रेघ. शेजारचा म्हातारा कोळी रमजानचा चंद्र बघायला स्वतः त्याच्या गच्चीवर चढायचा, ते तू मला नेहमी ऐकवायचास: "हे लोक डोळ्यांनी बघतात, पोप. आपण छापलेलं बघतो." त्या शुक्रवारी सखाराम आणि त्याचे अकरा जण मिनीबस मागून घेऊन आले. वसुधानं मोदकांचे दोन डबे आणले. ऑगस्टची हवा, शर्ट पाठीला चिकटलेला. गच्चीच्या मधोमध तू तुझा थिओडोलाइट तिकाटण्यावर उभा केला होतास, रस्ते आखायचं यंत्र, त्याचं तोंड वाळूकडे.

आठ दहा झाले. मी आरती केली, तांब्या उचलला, पूर्वेकडे वळलो आणि सगळं पाणी सोडलं. समोर काळोख होता. मी शांतपणे सांगितलं, "चंद्र उगवला आहे. धुळीमुळे दिसत नाही."

सखारामनं माझ्याकडे बघितलं, मग तुझ्याकडे. तू घाई केली नाहीस. क्षितिजाच्या थोडा वर एक तारा होता, तो तू बोटानं दाखवलास. "तो दिसतोय ना सगळ्यांना? एवढा बारका तारा धुळीतून दिसतो आणि चंद्र दिसत नाही म्हणतोस?"

मी काहीतरी म्हणणार होतो, तेवढ्यात वसुधा डब्याचं झाकण लावत म्हणाली, "अजून तासभर आहे त्याला."

"तुला काय माहीत?"

"दर संकष्टीला बघते की. तुमची जेवणं झाली की वाळलेले कपडे काढायला गच्चीवर जाते ना मी. पाण्याच्या टाकीमागून येतो. मग खाली येऊन जेवते."

मोरेश्वर, तू तर तिथं उभाच होतास. सात-आठ वर्षं माझी बायको माझ्यासमोर माझं ताट वाढत होती आणि स्वतः जेवत नव्हती, हे मी कधी बघितलंच नव्हतं. तिच्या आईनं सांगितलं होतं, चंद्र दिसल्याशिवाय घास घ्यायचा नाही. ती गच्चीवर जाऊन बघत होती आणि दुबईभर वेळा वाटणारा तिचा नवरा खाली सोफ्यावर बातम्या बघत होता. मी विचारलं, "मग सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "तुम्ही विचारलं कधी?"

तू दोन्ही हात जोडून तिला नमस्कार केलास. "वहिनी, मी नुसता हिशोब केला. बघितलं तुम्ही."

मग तासभर थांबायचं होतं. सखारामची माणसं कठड्याला टेकून बसली. तुझ्या तक्त्यात नऊ अठरा होतं. नऊ अठरा झाले आणि काही झालं नाही. नऊ वीस झाले. मी म्हटलं, "मोरेश्वर, हरलास बाबा." तू खिशातून तक्त्याची तुझ्याजवळची प्रत काढून माझ्या हातात दिलीस आणि त्यावर बॅटरी धरलीस. ऑगस्टच्या रकान्यात, बारीक अक्षरात: उन्हाळी धूळ, दिसायला पाच-सात मिनिटं जास्त. मी ते वाचत असतानाच सखाराम उठून उभा राहिला.

"आला रे."

नऊ चोवीस. डोंगरांच्या रेघेवर, तांब्याच्या रंगाचा, एका बाजूनं थोडा खाल्लेला. इतका मोठा आणि इतका जवळ वाटला की वसुधानं पदर डोक्यावर घेतला. बारा मजूर, एक बाई आणि एक नास्तिक सर्व्हेअर हात जोडून उभे, आणि गुरुजींच्या हातात रिकामा तांब्या. कारण पाणी मी आठ दहालाच सांडून बसलो होतो.

तू यंत्र चंद्रावर लावलंस आणि बाजूला झालास. "बघायची सक्ती नाही, पोप. इतिहासात न बघायचीही सोय आहे." मी वाकलो आणि डोळा लावला. त्या यंत्रात चंद्र उलटा दिसत होता, डागांसकट, आणि हलत होता, म्हणजे खरंच वर चढत होता. मी किती वेळ बघत राहिलो मला माहीत नाही. मान वर केली तेव्हा तू म्हणालास, "डोळा लावणारा तू पहिला पोप." तुझ्या आवाजात खवचटपणा नव्हता.

पण खरी परीक्षा त्यानंतर होती. सखारामनं विचारलं, अगदी हळू, "गुरुजी, म्हंजे इतकी वर्सं आमी चंद्र नसतानाच जेवलो? उपास गेले का आमचे?"

बाकीचे अकरा जण माझ्याकडे बघत होते. वसुधाही बघत होती. त्या वेळी मला दहा उत्तरं सुचली आणि दहाही पळवाटा होत्या. देश-काल-परत्वे म्हणता आलं असतं. भाव महत्त्वाचा म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "चूक माझी, सखाराम. उपास तुमचा. उपास तुम्ही मन लावून केलात, तो कुठे जात नाही. वेळ मी न बघता सांगितली, तिचा दोष मला लागला."

"आणि आता साडेनऊपर्यंत थांबायचं? पहाटेची बस हाय."

मी तुझ्याकडे बघितलं. माझं जुनं हत्यार तेच होतं: बघ, तुझ्या खरेपणानं ह्यांना उपाशी ठेवलंस. तू माझ्या मनातलं ओळखलंस. म्हणालास, "त्यांना लवकर जेवायला दे की. तू गुरुजी आहेस, सूट द्यायचा अधिकार तुझा आहे. चंद्र उगवून आणायचा नाही."

आणि मी दिली सूट. तिथंच, त्या गच्चीवर. पहाटेच्या बसला जाणाऱ्यानं दिवेलागणीला गणपतीला नैवेद्य दाखवून जेवावं, चंद्र त्याच्या वेळेला येईल, त्याला मनातल्या मनात नमस्कार करावा. सखाराम म्हणाला, "यल्ला, मग मोदक काढा," आणि सगळे हसले. एवढी साधी गोष्ट होती. खरी वेळ आणि भुकेल्याचं जेवण ही दोन्ही मला एकत्र सांभाळता येत होती, आणि मी उगाच एकाच्या आड दुसरं लपवत बसलो होतो.

पुढच्या शुक्रवारी तू नवा तक्ता लावलास, पाच वर्षांचा, आणि त्याच्याखाली मी माझ्या हातानं लिहिलं, याप्रमाणे अर्घ्य द्यावे, आणि सही केली. कुणी माझी अब्रू घेतली नाही. उलट फोन वाढले. लोक आता शारजाहून विचारायचे, अबू धाबीहून विचारायचे. मी शहाणपणा करून तुला म्हटलं, मुंबईच्या वेळेतून वीस मिनिटं काढली की झालं ना, तर तू कपाळाला हात लावलास. "पुन्हा पोपगिरी. दर महिन्याला वेगळं येतं रे, तक्ता बघ." मी बघायला लागलो. मग तक्त्याचा कंटाळा येऊन आकाशच बघायला लागलो. वसुधाबरोबर कपडे काढायला गच्चीवर जायला लागलो. साठीला आलेल्या माणसाला टाकीमागून चंद्र वर येताना बघायचा छंद लागला, ह्याचं श्रेय कुणाला द्यायचं ते तूच सांग.

आपलं एक भांडण मात्र अर्धंच राहिलं. तू म्हणायचास, चंद्र म्हणजे दगड आहे, दगडाला पाणी कसलं पाजतोस. मी चिडायचो. मला जे म्हणायचं होतं ते नीट सुचायचं नाही. दवाखान्यात शेवटच्या दुपारी भेटलो तेव्हाही तू हेच काढलंस. नाकात नळी, आणि बोलणं तेच. "माझ्यामागे काही करू नकोस. पिंडबिंड नको. इथल्या कावळ्यांना मराठी कळत नाही. आणि राहवलंच नाही तर निदान वेळ नीट बघून कर." मी हसलो आणि फोन आला म्हणून बाहेर गेलो. फोन आलेला नव्हता. तिथं कॉरिडॉरमध्ये उभा राहून रडलो. परत आत आलो तेव्हा तुला झोप लागली होती.

मला सांगायचं होतं ते असं: उपास म्हणजे भूक नव्हे, मोरेश्वर. उपास म्हणजे वाट बघणं. आपल्या हातात नसलेली गोष्ट तिच्या वेळेनं होईपर्यंत थांबायचं आणि मध्ये आपलं घोडं पुढे दामटायचं नाही. मी तासभर आधी पाणी सोडून मोकळा होत होतो, म्हणजे वाट बघतच नव्हतो. तू ऑम्लेट खाऊन, वही-पेन्सिल घेऊन, एकेका मिनिटासाठी रात्रभर झटत होतास. त्या व्रताचा अर्थ आपल्या दोघांत जास्त कुणाला कळला होता, हे मी तुझ्या तोंडावर कबूल करायला हवं होतं. तू हसला असतास आणि पुढचा महिनाभर मला छळलं असतंस. तेही चाललं असतं.

काल संकष्टी झाली. तुझं घर महिनाअखेरीला रिकामं करायचं आहे, भावानं तुझं सामान नेलं, यंत्र कंपनीनं नेलं. गच्ची मात्र अजून आहे. सकाळी आधी रास अल खोरला गेलो, गोदामाचा माळा उघडला आणि इतकी वर्षं पोथीत ठेवलेला तुझा पहिला कागद फळ्यावर लावला. चार टाचण्या, चारी कोपरे. त्यावरचं वर्ष कधीच उलटून गेलंय, त्याचा कुणाला काही उपयोग नाही. तरी लावला, आणि खाली लिहिलं की तो मी काढला होता. ज्यांना वाचायचं असेल ते वाचतील.

संध्याकाळी उम्म अल कुवैनला आम्ही तिघं, सखाराम, आणि त्याच्याबरोबर ह्या वेळी तीसेक माणसं. मृणाल सुट्टीला आली आहे, आता इंजिनिअरिंगला आहे. तुझा तक्ता ह्या वर्षाअखेरीस संपतो हे बघून म्हणाली, "आय विल डू द नेक्स्ट वन, बाबा. काकांनी मला मेथड शिकवली होती." कधी शिकवलीस रे? मला कुणी काही सांगत नाही.

डिसेंबरची स्वच्छ हवा होती, धूळ नव्हती. दिनदर्शिकेत आठ पन्नास. जुना मी असतो तर सात वीसला हात धुऊन मोकळा झालो असतो. तुझ्या तक्त्यात आठ एकोणीस. मी आठ वाजता आसन घातलं आणि संकल्प सुरू केला. गोदावरीपाशी आलो आणि जीभ थांबली. माझ्या वडिलांनी शिकवलेलं, त्यांच्या वडिलांनी त्यांना शिकवलेलं, ते मी जन्मात कधी बदललं नव्हतं. मग मी म्हटलं, अरबदेशे, समुद्रतीरे, उम्म अल कुवैन नगरे.

देवाला कळतं, मग सांगताच कशाला, असं तू विचारलं होतंस. हे त्याचं उत्तर. देवाला माहीत असतं. आपण कुठे उभे आहोत ते आपल्याच तोंडून निघावं लागतं.

घड्याळ मी काढून ठेवलं होतं. मृणाल मोजत होती. आठ सतरा, आठ अठरा. डोंगरांच्या रेघेवर आधी नुसता उजेड आला आणि मग कडा आली, पिवळी, लख्ख, आणि मृणाल म्हणाली, "एट नाइन्टीन." कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवल्या. पूजेत टाळ्या वाजवत नाहीत. मी कुणाला थांबवलं नाही. ह्या वेळी तांब्यात पाणी होतं. कॅम्पमध्ये नव्यानं आलेल्या एकानं सखारामला विचारलं, "टाइम कुनी काढलाय?" सखाराम माझ्याकडे बघायला लागला, गुरुजींना बोलू द्यावं म्हणून.

"मोरेश्वरनं," मी म्हटलं. "आणि तो कधी चुकत नाही."

मग मी त्या दगडाला पाणी घातलं, एक पळी माझी आणि एक तुझ्या नावानं, तुला आवडो न आवडो. तू जिंकलास रे. वसुधानं पानं मांडली, आम्ही सगळे एकाच वेळी जेवायला बसलो, ती माझ्या शेजारी बसली, आणि मी पोटभर जेवलो.